भर उन्हात थंडीचा सल्ला

शनिवार, दि. १२

वन्संना नमस्कार. तुमचे गुडघे आता बरे असतील. माझं ठीक चाललंय.

परवा गुरुवारी हंडे घासून पालथे घातले, अंगण झाडलं आणि शेळीची धार काढायला बसले, तेवढ्यात शेजारीण पेपर नाचवत आली. "तुमच्या ह्यांना काय झालंय? भर उन्हाळ्यात कोंबड्यांना पोती पांघरा म्हणे! दोन आडव्या झाल्या, पाणी मारलं तेव्हा उठल्या."

"अहो बाई, त्यांना जाऊन दहा महिने झाले."

"ते मला ठाऊक नाही का? पण छापून आलंय ना!"



तुमच्या भावाचा स्वभाव तुम्हाला माहीतच. कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. म्हणून शेतीचे बावन्न सल्ले, वर्षभराचे, एकदम लिहून दिले आणि दीड महिन्यात गेले. आमच्या पेपरात लिहिणारा, छापणारा आणि सायकलवरून वाटणारा माणूस एकच, तो संपादक. त्याच्या हातून गठ्ठा पडला, पानं उलटसुलट झाली. लावून घ्या म्हटलं, तर म्हणतो, "वहिनी, सल्ला कधीचाही असो, सल्लाच." याच पेपरात कंपाउंडरची म्हैस सापडल्याची बातमी येते आणि पुढच्या आठवड्यात, सापडलेली म्हैस कंपाउंडरची नव्हती, अशी दुसरी.

गेलेल्या माणसाचा हा तमाशा थांबव, असं तुम्ही रागावून लिहिलं होतंत. थांबवते, असं मी कळवलंही. वन्सं, मी थांबवलं नाही. दोनदा कचेरीच्या दारापर्यंत गेले आणि दोन्हीदा अंक घेऊन परतले. फडताळात अंथरलेल्या याच पेपरावरून मी अक्षरं शिकले. दर गुरुवारी उंबऱ्यात उभी राहून ह्यांचं वाचायचे, ते आठवडाभर पुरायचं.

पण त्या दिवशी डोकं फिरलं. धार अर्धी टाकून तशीच गेले. "बंद करा हे!" म्हटलं.

"आपोआपच होतंय, वहिनी. हा शेवटचा." संपादकाने पान माझ्यासमोर ठेवलं. ह्यांचंच तिरकं अक्षर, कोपऱ्यावर चहाचा डाग. अर्धं पान पेरूवर. खाली एवढंच, "लिंबाचं मला फारसं कळत नाही. घरी विचारून पुढच्या वेळी लिहीन."

विचारलंच नाही हो. आणि दारचं लिंबाचं झाड तर माझ्याच हातचं.

ते पान तेवढं छापा, असं मीच त्याला सांगितलं. घरी येऊन शेळीची माफी मागितली.

काल, शुक्रवारी, लिंबावर दीड पान लिहिलं, खाली माझं नाव घातलं आणि कचेरीत देऊन आले.

रागावलात तरी पत्र लिहा.

तुमच्या भावाच्या घरून,
वहिनी