‘शोक’ : एका दिवसाचं काम

३ फेब्रुवारी, सोमवार
प्रमुखांनी शब्दकोशातला ‘शोक’ हा शब्द मला लिहायला दिला. अर्थ, वापर आणि उदाहरणाचं एक वाक्य. उद्या संध्याकाळी टेबलावर ठेवते म्हटलं. तर म्हणाले, सावकाश होऊ द्या, शुक्रवारपर्यंत चालेल. इतकी सवलत त्यांनी आजवर कोणाला दिलेली नाही. शेकडो शब्द पडलेले असताना मला नेमका हाच का?

माझ्या समोरच्या टेबलावर बसणारे गृहस्थ गेल्या महिन्यात वारले. आमच्या ऑफिसची रीत अशी, की एकाने लिहिलेलं समोरच्याने वाचायचं, हरकत काढायची आणि मगच ते पुढे जायचं. या गृहस्थांनी माझ्या प्रत्येक शब्दावर हरकत काढली. ‘मांजर’वरसुद्धा. आता काम दुप्पट वेगाने होईल. वाईट वाटायचा प्रश्नच नाही. नात्यातले थोडेच होते.

४ फेब्रुवारी, मंगळवार
अर्थ लिहिला : ‘जवळचे माणूस गेल्याने होणारे तीव्र दुःख.’ मग ‘जवळचे’ खोडलं. किती जवळचे? दोन टेबलांइतके?

वापर : खेद ऑफिसला होतो, हळहळ शेजाऱ्यांना वाटते, शोक घरचे करतात. मला यातलं काहीच होत नाही. म्हणून तर मी तटस्थपणे लिहू शकते. फक्त उदाहरण राहिलं. उद्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार
त्या रिकाम्या टेबलावर रोज चहाचा भरलेला कप असतो. माझी चेष्टा चालली आहे. शिपायाला धारेवर धरलं. तो म्हणाला, बाई, तुम्हीच दोन सांगता की.

सांगते. कप लहान आहेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
उदाहरणं केली. ‘राजाला शोक झाला.’ कुठल्या राजाला? समोरच्यांनी हेच विचारलं असतं. ‘तिने शोक केला नाही.’ नकारार्थी कशाला, म्हणाले असते. दोन्ही फाडली. त्यांच्यामुळे नव्हे. कागद खराब होता.

प्रमुखांनी मुदत वाढवली. मी मागितली नव्हती.

१० फेब्रुवारी, सोमवार
समोर एक नवी मुलगी आणून बसवली. माझा मजकूर वाचून म्हणाली, छान आहे मॅडम. दुसरा शब्द दिला. तोही छान. पहिल्या दिवसापासून इतकं गोड बोलणारं माणूस सरळ नसतं. परीक्षा म्हणून लिहून दिलं, ‘शोक : एक प्रकारची पालेभाजी.’ वाचून म्हणाली, हेही छान आहे, तुम्ही जरा पाणी घेता का?

प्रमुखांनी पाळतीवर बसवली आहे. शंकाच नको.

११ फेब्रुवारी, मंगळवार
वहिनीचा फोन. वन्सं, चार दिवस राहायला या, एकट्या कशाला बसता? जन्मभर एकटी राहिले, तेव्हा हिला सुचलं नाही. हिला कोणी पढवलं? खोदून विचारलं, तर म्हणाली, दर रविवारी तुमच्या तोंडून त्या एका माणसाच्या तक्रारी ऐकून आमचे कान किटले होते, आणि हल्ली तुम्ही फोनवर नुसतं हं हं करता.

तक्रार संपली की माणूस गप्प बसतो. यात नवल ते काय?

१३ फेब्रुवारी, गुरुवार
प्रमुखांनी ‘शोक’ माझ्याकडून काढून नवीला दिला. आजवर माझ्या हातून एकही शब्द कोणी काढून घेतलेला नव्हता. म्हणाले, तुम्ही थकला आहात. कट उघड झाला. पण रीत ती रीत. तिचं लिखाण उद्या माझ्याकडेच वाचायला येणार. एका ओळीत दहा हरकती काढीन. समोरच्यांनीसुद्धा मान डोलवली असती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
नवीने कागद दिला. उदाहरण असं : ‘ज्याच्याशी ती रोज भांडत असे, तो गेल्यावर तिचा शोक कोणाच्या लक्षात आला नाही.’

पुन्हा वाचलं. लक्षात आला नाही, हे खोटं आहे. शिपायाच्या आला, वहिनीच्या आला, प्रमुखांच्या आला. पण ही हरकत लिहायची कशी? पेन उचललं, परत ठेवलं आणि समोर बघून मी म्हणाले, बोला, तुमचं काय म्हणणं?

आवाज मोठा झाला असावा. सगळ्यांची कामं थांबली. समोर नवी होती. ‘छान आहे’ म्हणाली नाही. मॅडम, घरी सोडू का, म्हणाली.

सोड म्हटलं.