कमानींखालचे तीन वाफे

४ मे १९५९

पद्मावतीने मी काढलेला बागेचा नकाशा परत पाठवला! तोही शेवंतीच्या मासळीच्या टोपलीतून. कागदाला बांगड्याचा वास!

जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली मी. बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या — आधी घर बघा, मग कुदळ उचला. माझ्या वडिलांच्या घराला तीन कमानी, वर रंगीत काचा — निळी, लाल, पिवळी. त्यांच्यापुढे फक्त पांढरं शोभतं. अनंत, मोगरा, नीट कापलेली मेंदी. पण घर भाईकडे गेलं, भाईमागे त्याच्या बायकोकडे, या पद्मावतीकडे. आणि मी वाटेच्या अलीकडे, भाड्याच्या पडवीत, मोडका पाय घेऊन!

निरोप काय, तर “वन्संका सांग, माझ्या मनात दुसराच आसा.”

हिच्या मनात!

२९ मे

समोरच्या घरावर पाऊस अडवायला झावळांच्या झडी चढल्या. कमानी गेल्या, काचा गेल्या. आता दसऱ्यापर्यंत घर म्हणजे उपडी टोपली. लहानपणी या दिवशी मी रडायचे, भाई चिडवायचा.

आणि ही आत्ता वाफे खणतेय! घर झाकलेलं असताना फुलणारी बाग! डोकं आहे का?

१८ जुलै

फुललं. मेलं चांगलंच फुललं. गोकर्ण, जास्वंद, पिवळी कर्दळ — शेजारी शेजारी! सर्कशीचा तंबू! येणारा-जाणारा छत्री सावरत थांबतो. “काय सुंदर!” म्हणतो. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

माझा कुंडीतला अनंत कुजला.

२ ऑगस्ट

शेवंती म्हणाली, “वयनीक आतसून कायच दिसणा नाय, बाई. दिसाढवळ्या दिवो लावन रांधता.”

बरं झालं! मग ही बाग दाखवतेय कोणाला? मलाच. खिजवायला. खुर्ची फिरवून पाठ केली.

संध्याकाळी परत फिरवली. मान अवघडली म्हणून.

१३ ऑक्टोबर

झडी उतरल्या. पद्मावती पडवीच्या पायरीशी आली. “वन्सं, पावसात तुमका काचो दिसल्यो मगे? आमचे हे सांगीत, झडी चढल्यो की वन्सं रडतत.”

मी समोर बघितलं. वर निळी, लाल, पिवळी. खाली गोकर्ण, जास्वंद, कर्दळ.

म्हटलं, “कर्दळ जरा उजवीकडे हवी होती.”

नको होती. बरोबर कमानीखालीच आहे.