अकरा मंद गाणी आणि दोन एकर मका

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
पुण्याहून घरी, अमडापूर. आठवडा फार वाईट गेला. सोमवारी मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला, गुरुवारी लॅपटॉप काढून घेतला. दोन्ही वेळा चूक त्याचीच. घरी सांगितलं, वर्क फ्रॉम होम. आईनं विचारलं, लॅपटॉप कुठंय. सर्व्हिसिंगला, म्हणालो.
संकल्प : पहाटे पाचला उठणे. चालणे. मनाला फक्त मेलो इलेक्ट्रॉनिक म्युझिक. संथ बीट, मऊ सिंथ, शब्द नाहीत.

शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळी १०
पाचला उठलोच असतो, पण घरामागच्या बांधावरचा भोंगा रात्रभर चालू. बॅटरी, मेमरी कार्ड आणि त्यात बाबांचा रेकॉर्ड केलेला आवाज : हाऽऽट! आला बे, आला बे! मधे कुत्री, मधे फटाके. रानडुकरांनी मका खाऊ नये म्हणून. डुकरांचं माहीत नाही, माझ्या झोपेचं वाटोळं झालं.
मका काजलचा. म्हणजे माझ्या बायकोचा. आईच्या गुडघ्यांसाठी दोन वर्षांपूर्वी गावी आली ती राहिलीच. शेतीत रमली आहे. बाबांनी दोन एकर तिच्या हवाली केलंय. हा मका नीट घरी आला तर पुढच्या हंगामापासून सगळं शेत तीच बघणार. हौस असावी माणसाला.

रविवार, ९ फेब्रुवारी
मोठं काम झालं. 'वाईट आठवड्यानंतर' नावाची अकरा ट्रॅक्सची प्लेलिस्ट. आधी माझ्या आवाजात वीस मिनिटांचं निवेदन. आवाज मखमली लागलाय. कलाकारानं प्रामाणिक असावं, म्हणून चौदाव्या मिनिटाला नोकरी गेल्याचंही सांगून टाकलं. तोंडावर सांगण्यापेक्षा हे जास्त मॅच्युअर.
घरच्या ग्रुपवर टाकलं. काजलला वेगळं पाठवलं. ती म्हणाली, ऐकते, मोटार चालू करून येते. नागसेनलाही पाठवलं. शाळेतला मित्र, मोबाईलचं दुकान आहे. दोन मिनिटांत त्याचा अंगठा आला. वीस मिनिटांचं दोन मिनिटांत ऐकलं, गडी हुशार.

सोमवार, १० फेब्रुवारी
नोकरीबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नाही. किती समजूतदार माणसं! बाबांनी तर उलट पगारवाढ कधी, असं विचारलं. मला अवघड वाटू नये म्हणून.
काजल जेवताना बसल्या बसल्या पेंगत होती. तिला म्हटलं, ट्रॅक चार ऐक, फ्रेश वाटेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
झोप नाही. हाऽऽट! आला बे!
विचार केला. प्राणी घाबरला की नासधूस करतो. शांत झाला की नाही करणार. लॉजिक साधं आहे, पण या भागात कोणी विचारच करत नाही. संध्याकाळी भोंग्यातलं कार्ड बदललं. आता त्यात माझं निवेदन आणि अकरा ट्रॅक्स. बाबांचं कार्ड शर्टाच्या खिशात जपून ठेवलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी
कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. दहाला उठलो तर शेतात माणसं जमलेली. डुकरांनी मक्याच्या सहा ओळी आडव्या केल्या. काजल मोडलेली ताटं उचलत होती. धीर द्यावा म्हणून म्हटलं, कणसं बघ, किती निवांत खाल्लीत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि परत वाकली.
बाबा म्हणाले, काऊन बे, भोंगा काऊन गुणगुणून राह्यला होता? बॅटरी उतरली असेल, म्हणालो. तेवढ्यात आईनं माझा शर्ट धुवायला टाकला. बाबांचं कार्ड साबणाच्या पाण्यात गेलं, ते कायमचं. माझा काही संबंध नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
दुसरं कार्ड नाही, म्हणून काजल रात्री माझंच लावून मचाणावर राखणीला बसली. म्हणजे तिनं सगळं ऐकलं! माझा पहिला खरा श्रोता. सकाळी उत्सुकतेनं विचारलं, कसं वाटलं.
ती म्हणाली, गाणे लागले का डुकरं येत, तुमी बोलाले लागले का पळत.
मग म्हणाली, नोकरी गेली हे मले भोंग्यातून समजलं. म्हटलं, रविवारीच पाठवलं होतं. ती म्हणाली, तुमचा एक हप्ता खराब गेला तं मले अकरा गाणे धाडले. माहे दोन साल गेले, त्याले काय धाडता?
विचारात पडलो. दोन वर्षांसाठी निदान चाळीस ट्रॅक्स लागतील.

शनिवार, १५ फेब्रुवारी
काजलनं नागसेनकडून सगळी गाणी उडवून घेतली. आता कार्डात फक्त मी, लागोपाठ. दोन रात्री डुक्कर फिरकलं नाही. शेजारच्या शेतांतून कार्डाला मागणी. इतका रिस्पॉन्स पुण्यात कधी मिळाला नव्हता.
त्रास एवढाच की आता चार भोंगे मागंपुढं चालतात. त्यामुळे माझी नोकरी रात्रभर थोड्या थोड्या वेळानं चारही दिशांना जाते. आई रडली. बाबा पारावरून येऊन म्हणाले, नोकरी गेली तं गेली, आवाज कामाचा हाय लेकाचा.

रविवार, १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.४०, मचाण
आज आमच्या भोंग्याची बॅटरी खरोखरच उतरली. चार्जिंगला लावली आहे. काजलनं टॉर्च हातात दिला. म्हणाली, जा, बोला. मखमली नोका बोलू.
ती दिवेलागणीलाच झोपली. आई सांगत होती, पाठ टेकली तशी लागली, घोरतेय. कानात काही नाही, अंगावर नुसती गोधडी.
पहिल्या मिनिटापासून सुरुवात केली. चौदावं मिनिट गाळायचं ठरवलं होतं. तिथंच थांबलो तर समोर मका हलला. मग ओरडून सांगितलं, नोकरी गेली. मका हलायचा थांबला.
आता परत हलतोय. लिहिणं बंद करतो.