कॅचरची बॅग

४ मे, रविवार

आज लेकीचं शूटिंग. सिनेमाचं नव्हे — सॉफ्टबॉलचं. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या कोचना पाठवायला व्हिडिओ हवा म्हणे. दीपा कॅचर आहे. म्हणजे बॅट घेतलेल्या मुलीच्या मागे उकिडवं बसायचं, येणारा बॉल झेलायचा, आणि कुणी बेस चोरायला पळालं की ताडकन उठून दुसऱ्या बेसवर फेकायचा. हे उठणं आणि फेकणं किती झटक्यात होतं, त्यावर पोरीचं भवितव्य ठरतं. तिचा बाप यशपाल स्टॉपवॉच घेऊन उभा. इथे जर्मनीत वाल्डॉर्फच्या ऑफिसात आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका काढतो, त्याने मन भरत नाही बहुतेक. प्रत्येक फेकीनंतर मान हलवत होता.

क्लबची ट्रेनर सिल्के सूचना देत होती. गाणं लावू नका. स्लो मोशन नको. सुरुवातीला नाव, उंची, शाळेचं वर्ष, की लगेच खेळ सुरू. कोच अर्धा मिनिट बघतात, नाही पटलं तर पुढची मुलगी. अर्धा मिनिट! मी वांगी निवडायला याहून जास्त वेळ घेते.

येताना गाडीत विचारलं, ‘दीपा, तुला खरंच जायचंय का गं?’ ‘या,’ म्हणाली. जर्मनमधलं हो. मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर जर्मनमध्ये, आणि तेही एका शब्दाचं.

१७ मे, शनिवार

यशपालने सगळ्या कोचना मेल पाठवली. दीपाच्या नावाने! पाठवून झाल्यावर मला वाचून दाखवली, कौतुकाने. ‘मी धम्मदीपा. सुशिक्षित, सुसंस्कृत कुटुंबातली एकुलती एक मुलगी. वडील नामांकित कंपनीत वरिष्ठ पदावर, आई हायडेलबर्गला संशोधक. मूळ गाव अकोला. स्वभाव मनमिळाऊ.’ इंग्रजीत होतं, पण मला ऐकू आलं ते मराठीच.

म्हटलं, ‘रक्तगट राहिला. आणि खाली ‘अपेक्षा’ लिहायचं असतं.’

त्याला विनोद कळला नाही. ‘खरंच टाकू का?’ म्हणाला.

१८ मे

दीपाने मेल वाचली. बापाशी बोलणं बंद. घरात शांतता. बरं वाटतंय.

३ जून, मंगळवार

वीस-पंचवीस कोचपैकी एकीचं उत्तर आलं. कोच मॅरन नावाची बाई. मक्याच्या शेतांमध्ये कुठेतरी छोटं कॉलेज आहे तिचं. तिने दीपाला लिहिलंय : ‘व्हिडिओ पाहिला. पुढची मेल तू स्वतः लिही. आईवडिलांनी लिहिलेली मला ओळखू येते.’ यशपालचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्या बाईबद्दल मला बरं वाटलं ते तेवढंच. कारण पुढच्या ओळीत ऑगस्टमधल्या कॅम्पचं आमंत्रण आहे. मॅनहाइमच्या बाजूला दोन दिवस. बाई स्वतः बघायला येणार.

दीपाने खोलीचं दार लावून उत्तर लिहिलं. दाखवलं नाही.

आज फिजिओकडे गेले होते. खांदा पार आखडलाय. वेणी घालताना हात वर जात नाही. घरी सांगितलं तर यशपाल म्हणाला, ‘व्यायाम करतेस ना?’ दीपाच्या कानात कायम ती इअरफोनची बोंडं. आईचा हात तुटून खाली पडला तरी घरात आवाज कसला झाला, असं जर्मनमध्ये विचारेल.

१९ जून, गुरुवार

फ्रोनलाइशनामची, म्हणजे चर्चच्या सणाची सुट्टी. दुकानं बंद, बाहेर चिडीचूप, म्हणून आम्ही भांडलो.

मी म्हटलं, इथे शिक्षण चांगलं आहे. आबिटूर, म्हणजे इथली बारावी, झाली की हायडेलबर्गला जाईल, बसने. कशाला हवी अमेरिका?

यशपाल म्हणाला, ‘बाबासाहेब कशाला गेले होते अमेरिकेला?’

‘शिकायला गेले होते. बॉल झेलायला नाही.’

यावर तो उठून चहा टाकायला गेला. पण जिंकल्यासारखं वाटलं नाही. खरं कारण मी त्याला सांगितलंच नव्हतं. ते इथे लिहिते. मला ती जायला नकोय. बस्स. एकच मूल, तेही माझ्याशी धड बोलत नाही. निदान दार आपटल्याचा आवाज तरी येतो. तोही गेला तर या घरात उरेल काय? यशपाल आणि त्याचं स्टॉपवॉच.

६ जुलै, रविवार

क्लबात पालकांची सभा. सिल्केने ज्ञान दिलं. कोच फक्त खेळ बघत नाहीत. वॉर्म-अपच्या आधीच येऊन बसतात. मुलगी आउट झाली की हेल्मेट आपटते का, बाकावर बसून बाकीच्यांना ओरडून साथ देते की फोन बघते, ट्रेनर बोलत असताना डोळे कुठे असतात — सगळं बघतात. आणि आईबापांनाही बघतात! कोण कुंपणाला लटकून सूचना देतं, कोण पंचाशी हुज्जत घालतं. पार्किंगमध्येसुद्धा बघतात. मुलगी स्वतःची बॅग स्वतः उचलते की आई उचलते? आईने उचलली तर झाली फुली. मुलगी आईवर डाफरली तरी फुली. ‘गेनाऊ,’ म्हणजे अगदी बरोबर, सिल्के म्हणाली, ‘तिथूनच सिलेक्शन सुरू होतं.’

मला हसू आवरेना. आम्ही खंड ओलांडून आलो आणि पुन्हा मुलगी दाखवण्याच्याच कार्यक्रमात! मला बघायला आले होते तेव्हा यशपालच्या गयाआत्याने पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात येऊन ओट्यावरून बोट फिरवलं होतं. माझी एमएस्सी चुलीत गेली, बोटाला काय लागतं ते महत्त्वाचं. नंतर कळलं, ओट्यामुळे पसंती आलीच नव्हती. मी चहाचा पहिला कप पाहुण्यांना न देता कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या ड्रायव्हरला दिला, तो तापाने फणफणला होता म्हणून. ते आत्याने पाहिलं. मग आत्या गावभर सांगत सुटली, पोरगी चांगली आहे. एका कपावरून!

आता हिची बारी. ओट्याच्या जागी पार्किंग.

९ ऑगस्ट, शनिवार

कॅम्पचा पहिला दिवस. ऊन मरणाचं. निरनिराळ्या देशांतल्या मुली, सगळ्यांच्या वेण्या सारख्या, सगळ्यांच्या आयांचे गॉगल सारखे. कोच लोक कुंपणामागे घडीच्या खुर्च्यांवर, टोप्या डोळ्यांवर ओढून. टाळी नाही, हसू नाही. मुली पळताहेत, फेकताहेत, आणि ही मंडळी वह्यांत खरडताहेत. बैलबाजारात निदान दात तरी बघतात!

कोच मॅरन म्हणजे बुटकी, लठ्ठशी बाई. मला वाटलं होतं कोणी उंच, करारी असेल. ती बहुतेक वेळ मैदानाकडे बघतच नव्हती. मुली पाणी प्यायला जातात तिकडे बघत होती.

दीपाचं ठीक झालं. फेक जोरात, पण एक साधा बॉल पायांमधून गेला आणि बॅटिंगला आली तर सरळ आउट. एक डच मुलगी आहे, कॅचरच, हिच्याहून वेगवान. मी हिशेब केला — तीच जाणार. मग माझ्या लक्षात आलं, मी खुशीत आहे.

एक गोष्ट मात्र आज पहिल्यांदाच दिसली. मैदानावर सगळ्या मुली एकीकडे तोंड करून उभ्या असतात, कॅचर एकटी उलटी. तिला सगळ्या दिसतात. कोण दमलीय, कोणाचं लक्ष नाही, कोण चुकीच्या जागी उभी आहे. दीपा हात करून एकेकीला सरकवत होती आणि त्या सरकत होत्या. घरी हिला समोरची मिठाची बाटली दिसत नाही.

जाताना पाहिलं, कोच मॅरन पार्किंगच्या कडेला झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती. सिल्के खोटं बोलत नव्हती.

१० ऑगस्ट, रविवार

जे केलं ते लिहून टाकते. दुसरं कोणाला सांगणार?

सकाळी पोचलो तर बाई त्याच झाडाखाली, कॉफीचा कप घेऊन. यशपाल गाडी लावून पार्किंगची चिठ्ठी काढायला गेला. दीपा बुटांच्या नाड्या बांधत होती. मी डिकी उघडली. कॅचरची बॅग म्हणजे काय, हेल्मेट, छातीचं कवच, पायांची कवचं, बॅटी — सिमेंटचं पोतं परवडलं. मी ती उचलली आणि खांद्यावर घेतली. दुखऱ्या खांद्यावर, कारण तोच त्या झाडाच्या बाजूला होता. आणि बाईला नीट दिसेल अशी चालू लागले.

मुद्दाम. सगळं ठाऊक असून.

चार पावलं गेले नसेन. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेवढ्यात मागून दीपा ओरडली, ‘मामा! लास दास!’ — आई, सोड ती. बॅग हिसकावून घेतली. मग माझी पर्स घेतली, डब्यांची पिशवी घेतली, थर्मास घेतला. कपाळावर आठ्या. ‘डाइने शुल्टर,’ म्हणाली, तुझा खांदा, आणि असं सगळं अंगावर लटकवून तरातरा पुढे निघून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही. मी रिकाम्या हातांनी उभी.

कोच मॅरनने वहीत काहीतरी लिहिलं.

मी मनात म्हटलं, झालं काम. आईने बॅग उचलली आणि मुलगी सगळ्यांदेखत आईवर ओरडली. एका दमात दोन फुल्या. मला आनंद झाला. मग दिवसभर तिला उन्हात उठताना-बसताना पाहिलं, गुडघे धुळीने माखलेले, आणि माझा डबा तसाच राहिला. यशपालने माझ्याही वाटचा पुलाव संपवला.

११ ऑगस्ट

खांदा ठणकतोय. बरोबर झालं.

१६ ऑगस्ट, शनिवार

डच मुलीला दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजने बोलावलं म्हणे. दीपाला काही नाही. ती सारखी फोन बघते, जेवताना, दात घासताना. यशपालने व्हिडिओ पुन्हा काढायचा म्हणताच ती उठून गेली.

यांची ती वही, त्या टोप्या, ती घडीची खुर्ची! कोण लागून गेलेत हे लोक? पोरीला बघून घेतात आणि मग बसवून ठेवतात. आम्हाला निदान दोन दिवसांत निरोप यायचा. मी दिवसातून दहा वेळा म्हणते, होईल सगळं नीट. कुणासाठी म्हणते ते कळत नाही.

आज तिने न सांगता माझ्यासाठी गरम पाण्याची पिशवी भरून आणली. खांद्यावर ठेवली आणि गेली. कधीपासून ठाऊक होतं हिला?

२८ ऑगस्ट, गुरुवार

फोन आला. व्हिडिओ कॉल, आम्हा तिघांशी. कोच मॅरनने दीपाला घेतलं.

यशपालने खुर्ची मागे पाडली. दीपा हातांत तोंड लपवून रडायला लागली. मी हसत होते. चेहऱ्याने तरी.

यशपाल लगेच मुद्द्यावर. फेक किती वेगात होती, कितवी आली? बाई म्हणाली, ‘सर, तिच्यापेक्षा वेगवान कॅचर त्या मैदानावर होती. वेग मी शिकवू शकते.’ मग माझ्याकडे वळली. म्हणाली, ‘रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तुम्ही बॅग उचललीत. मला वाटलं, झालं, अजून एक लाडावलेली. मी नाव खोडणारच होते. मग तिने ती तुमच्या खांद्यावरून काढून घेतली. नुसती तिची बॅग नाही, तुमचंही सगळं. भाषा कळली नाही मला, पण कुठला खांदा दुखतोय ते कळलं. कोणाला काय होतंय हे न सांगता दिसणं, मॅडम, कॅचरमध्ये मला एवढंच हवं असतं. थँक यू.’

मला थँक यू!

गयाआत्या आणि ही बाई एकाच गावच्या असणार. मीच पाठवलं पोरीला. माझ्या या हातांनी, बॅग उचलून. यशपाल संध्याकाळपासून सगळ्या नातेवाइकांना फोनवर माझं नाव घेऊन सांगतोय : ‘उत्कर्षामुळे झालं हो, तिच्या संस्कारांमुळे.’ कपाटात तोंड घालून उभी राहिले थोडा वेळ.

३० ऑगस्ट, शनिवार

दीपा खांद्याला मलम लावून देत होती. न राहवून विचारलं, ‘त्या दिवशी कोच झाडाखाली बसलीय, हे तुला दिसलं होतं?’

ती चक्क मराठीत बोलली. शब्द शोधत, अडखळत.

‘नाही. मी तुला बघत होते. तू त्या झाडाकडे बघत होतीस.’

आणि मलम लावत राहिली.