हिरव्या दोऱ्याची काठी

मामा, आज सुनेनं माझ्यासाठी साडी आणली. पिशवी उघडायच्या आधीच मला रंग ठाऊक होता. हिरवा! इतक्या वर्षांत या घरानं मला दुसरा रंग म्हणून दिला नाही, आणि त्याचं मूळ तुम्ही आहात. सासरा म्हणून तुमच्याबद्दल माझी एवढी एकच तक्रार आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरला, हिप्परग्याचा तलाव पुन्हा भरला, आणि त्याच सुमारास मी केम गावाहून लग्न होऊन नवी पेठेत आले. खाली तुमचं दोऱ्यांचं दुकान, वर आपलं घर. शिवभक्तांचं घर, अंड्याचासुद्धा वास चालायचा नाही, आणि मालकाला छंद कसला, तर गळाच्या काठ्या बनवायचा! धरलेला मासा तुम्ही परत पाण्यात सोडायचात. सासूबाई कातावायच्या, "खायचं न्हाय, इकायचं न्हाय, मग त्या मुक्या जिवाला छळता कशापायी?" तुम्ही नुसते हसायचात आणि बांबूवर गळाची दोरी ओवायच्या तारेच्या कड्या बांधत बसायचात.

मी तेव्हा सगळ्यांना भिऊन होते. भाजी कुठली करायची, पदर कसा घ्यायचा, सगळं आधीच ठरलेलं. एका दुपारी चहा घेऊन आले तर तुम्ही म्हणालात, "बस की पोरी." समोर रिळं मांडलेली. तुम्ही एकेक दोरा माझ्या बोटाला गुंडाळून दाखवता आहात. "सुती दोरा जाड दिसतोय. नायलॉन निसटतोय. ह्यो रेशमाचा बग, बारीक आन् घट्ट. मासा वडतो तवा कडी ह्यानंच धरून ठेवायची." मग सगळी रेशमी रिळं माझ्याकडं सरकवता. "आता रंग तू सांग. ही काठी तुझी."

मामा, रंग मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. लग्नातला शालूसुद्धा थोरल्या काकांनी पसंत केला होता. दारात सासूबाई येऊन उभ्या राहिलेल्या. माझी नजर हातातल्या चुड्याकडं गेली आणि तोंडातून निघालं, "हिरवा."

तुम्ही वेढ्याला वेढा लावून दोरा बांधलात, वर वार्निश फिरवलंत, आणि बघता बघता माझा पोपटी हिरवा शेवाळासारखा काळपट झाला. "निवडून निवडून ह्यो निवडला व्हय?" सासूबाई म्हणाल्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मी पुटपुटले, "राहू द्या मामा, काळाच बरा." तुम्ही ब्लेड घेतलंत आणि सगळ्या कड्यांचा दोरा कापून काढलात. "पोरीनं हिरवा सांगितलाय. हिरवाच दिसला पायजे."

नव्यानं बांधलेल्या दोऱ्याला तुम्ही आधी डिंकाचं पाणी पाजलंत, म्हणजे वार्निश आत शिरणार नाही. ते वाळेपर्यंत काठीला कुणाला हात लावू दिला नाहीत. मग वार्निश. दोरा कैरीसारखा हिरवागार राहिला! "छलो!" झकास जमलं की ओरडायचात तसे तुम्ही आनंदानं कानडीत ओरडलात आणि काठी दुकानातल्या गिऱ्हाइकांनासुद्धा दाखवून आलात. मला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

काठी घेऊन तलावावर निघालो तर सासूबाईसुद्धा आल्या, म्हणे फक्त भाकरी घेऊन. माझ्या गळाला मासा लागला, मी किंचाळले, आणि भाकरीचं फडकं टाकून त्याच ओरडल्या, "सोडू नगंस, वड की!" मासा वर आला, आपण तिघांनी डोळे भरून पाहिला आणि पाण्यात सोडून दिला. घरी येताना टांग्यात सासूबाईंनी विचारलं, "उद्या भाजी कुटली करायची गं?"

तेव्हापासून हिरवा हा माझा रंग ठरला. बांगड्या हिरव्या, स्वेटर हिरवा, न्हाणीतली बादलीसुद्धा.

आता सांगून टाकते. त्या दुपारी माझा डोळा शेजारच्या राणी रंगाच्या रिळावर होता. नव्या नवरीनं हिरवा म्हटलं की कुणी नावं ठेवत नाही, म्हणून हिरवा म्हणाले. तुम्ही ब्लेड घेतलंत तेव्हा सांगायचं ओठांवर आलं होतं, पण माझ्या शब्दाखातर कुणी इतकं करतंय, ते बघतच राहावंसं वाटलं.

तुम्ही गेलात तिथवर हे पत्र पोचायचं नाही, तेच बरं. पोचलं असतं तर तुम्ही पुन्हा ब्लेड घेऊन बसला असतात, आणि मला आता त्या काठीवरचा एक वेढासुद्धा सुटलेला चालायचा नाही.