मी काढून टाकलेले दिवे

गुरुवार, ता. ९

छबे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं क्षेम आहे असं पहिल्या ओळीत लिहायची सवय, पण आज हात वळत नाही. माझा गुडघा बरा आहे, तुझ्या वहिनीचा खोकला गेला. बाकीचं बसून वाच.

तू नवरीच्या मेकअपसाठी बाहेरगावी गेलीस हे माहीत होतं, म्हणूनच काल सकाळी तुझ्या पार्लरमध्ये गेलो. जादा किल्ली माझ्याकडेच असते. मागच्या खोलीतलं, गिऱ्हाइकांची कातडी सुधारायला वापरतेस ते लाल दिव्यांचं मशीन उतरवलं, झाकण काढलं आणि तसंच उघडंनागडं पुढच्या काचेत मांडलं. वर पुठ्ठा लावला: ‘या दिव्यांनी नुसता उजेड पडतो. मालकिणीला गेल्या वर्षापासून माहीत आहे.’

शेजारचा शिंपी धावत आला. “काका, बहिणीचं दुकान बुडवता की काय?”

म्हटलं, “हो. तू उसवलेलं शिवतोस, मी आज शिवलेलं उसवतोय.”

येऊ दे राग. माझ्याएवढा यायला तुला दोन जन्म लागतील.

माझी लेक, तुझी सख्खी भाची, एकोणचाळीस वर्षांची. दवाखान्यात तिचा एकच गर्भ गोठवून ठेवलाय. गर्भाशयाचं अस्तर सात मिलिमीटर भरल्याशिवाय डॉक्टरीणबाई तो आत सोडणार नाहीत, आणि अस्तर पाचाच्या पुढे हलत नाही. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. मग बाई म्हणाल्या, प्रकाशाचा एक उपचार आहे, पोटावर ठरावीक प्रकाश सोडतात, आतला रक्तपुरवठा सुधारतो असं काही अभ्यासांत दिसलंय. शब्द देत नाही, पण करून बघू. तेवढ्यात तू मध्ये पडलीस. “अगं, दवाखान्यात कशाला खेटे घालतेस? तेच मशीन माझ्याकडे आहे. आत्या फुकट करेल!” फुकट केलंस, आणि उपकार मात्र साऱ्या नात्यात वाटत फिरलीस.

आठ महिने, दिवसाआड, पोर तुझ्या खाटेवर पोट उघडं टाकून पडली. आणि तू तिला काय ऐकवलंस? “बाकीच्यांना गुण येतो गं. तुझ्या अंगालाच काही लागत नाही.” हे तिने मला नाही, आईला सांगितलं, गेल्या रविवारी, भिंतीआड. मी अलीकडे जोडे घालत होतो. एकच जोडा पायात, तसाच बसून राहिलो. तुला सोडायचं नाही हे तिथेच ठरलं.

कारण गेल्या वर्षी कंपनीचा मेकॅनिक तुझ्याकडे येऊन गेला होता. आतले दिवे बदललेत, आता यात नुसता रंग उरलाय, असं त्याने तुला तोंडावर सांगितलं. तू त्याला चहा पाजून वाटेला लावलंस, आणि भाचीला त्याच मशीनखाली झोपवलंस.

पुठ्ठ्यावर दिवे बदलणाऱ्याचा उल्लेख नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

बदलले मीच. तीन वर्षांपूर्वी तूच बोलावलंस. निम्मे दिवे लाल पेटत होते, निम्मे काळेठिक्कर. मी म्हटलं, उडालेत. काढून कचऱ्यात फेकले, आणि दुकानांच्या पाट्यांत घालतात ते लाल दिवे जोडले. सगळे एकसारखे दिसावेत म्हणून चांगले होते तेही उपटले. वर छाती फुगवून म्हणालो, “बघ, कंपनीपेक्षा झकास!” चाळीस वर्षं वायरी हाताळल्या, कुणापुढे शिकायला बसलो नाही, त्याचा केवढा तोरा! ते काळे दिवे जिवंत होते, छबे. त्यांचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. खोलवर जाणारे तेच होते.

डॉक्टरीणबाईंनी महिन्यापूर्वी तिच्या कागदावर लिहिलं होतं: ‘प्रकाशोपचार केला, उपयोग नाही.’ म्हणजे तीही वाट बंद. काल तुझ्याकडून निघताना मशीनमधले दोन दिवे खिशात घातले आणि थेट त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले. त्यांनी ते फिरवून पाहिले, ती ओळ खोडली, बाजूला तारीख घातली. सोमवारी दहाला दवाखान्यातल्या खऱ्या मशीनखाली पहिली बैठक. हा शेवटचा प्रयत्न, असं स्पष्ट बोलल्या.

आज सकाळी लेकीला सगळं सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, “आत्याला कधीपासून माहीत होतं?”

“वर्ष झालं!” मी ठसक्यात म्हणालो.

“आणि बाबा, तुम्हाला?”

इथे पेन ठेवून दोनदा उठलो. लिहितो. तो मेकॅनिक मला दोन महिन्यांपूर्वी बाजारात भेटला. त्याने मलाही सगळं समजावलं. मी दोन महिने तोंड शिवून बसलो आणि दिवसाआड तिला स्कूटरवरून तुझ्या दाराशी सोडत राहिलो. चूक कबूल करायची लाज वाटली. ती ओळ त्याच दोन महिन्यांत लिहिली गेली.

तिने ओला टॉवेल झटकला. “सोमवारी मी एकटी जाईन. तुम्ही दोघंही दवाखान्याच्या पायरीवर दिसायचं नाही. मूल झालं तर कधी दाखवायचं ते मी ठरवेन. नाही झालं तर तेही मीच सांगेन.” आणि आत निघून गेली.

तेव्हा सोमवारी दहाला माझ्या घरी ये. ती तिकडे पडलेली असेल तेवढा वेळ आपण समोरासमोर बसू. मला कुणाशी तरी कडाकडा भांडायचंय, आणि या बाबतीत माझ्या बरोबरीचं तुझ्याशिवाय कुणी नाही.

तुझ्याच लायकीचा भाऊ,
दादा