नॉर्माच्या घराची अट

मी, बेन्सियन आयझॅक झिराडकर, मूळचा अलिबागकडचा, हल्ली राहणार हॅमिल्टन, ऑन्टारिओ, पोलाद कारखान्यातला निवृत्त इंजिनीअर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचं तसं नाही असं डॉक्टर म्हणतात, पण कायद्याला डोकं पुरतं. मला कोणी धाक घातलेला नाही. धाकाबद्दल मात्र लिहायचं आहे. याआधी केलेली मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. बेसमेंटमधली सगळी हत्यारं शेजारी कॉस्मस, वसईकर, याला द्यावीत. ड्रिल मशीन त्याने मागच्या उन्हाळ्यात नेलं ते अजून परत केलेलं नाही. आता करूही नये.

२. मलिद्याचं पितळी ताट माझी मुलगी नॉर्मा हिला. या ताटाची हकीकत तिने अर्धीच ऐकली आहे, म्हणून इथे लिहितो.

१९६९ साली कंपनीने मला एका देशात पोलादाची भट्टी उभारायला पाठवलं. देशाचं नाव वकिलांना तोंडी सांगितलं आहे, कागदावर नको. आज वर्तमानपत्रांत त्याच देशाच्या प्रगतीची वाहवा चालते, आणि प्रगती खरी आहे, भट्टी मीच पेटवली. तिथे एक पक्ष राज्य करतो. दारावर पाटी नाही, सभासद कोण ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नसतं. कारखान्याचा मॅनेजर टेबलाच्या टोकाला बसे, पण मी काही विचारलं की उत्तर देण्याआधी खिडकीपाशी बसलेल्या एका माणसाकडे बघे. त्या माणसाला हुद्दा नव्हता. त्याने कधी आवाज चढवला नाही, गरजच नव्हती. राहायची जागा, मुलांची शाळा, बढती, हिवाळ्यातला कोळसा, सगळं त्याच्या मुठीत. कोणी वाकड्यात शिरलं की तो हसून एवढंच विचारी, "घर आवडतं ना तुम्हाला?" माणूस सुतासारखा सरळ होई.

आमच्या दुभाष्याला मी इथे मनाशे म्हणतो. खरं नाव लिहिलं तर त्याच्या मुलांना भोवेल. फार भला माणूस. नॉर्मा आजारातून उठली तेव्हा माझी बायको पर्ल, आता देवाघरी आहे, तिने नवस फेडायला मलिदा केला: गोड पोहे, खोबरं, वर पाच फळं. आम्ही तिघं आणि पाहुणा एकटा मनाशे. आम्हा बेने इस्रायली यहुद्यांच्या रिवाजाप्रमाणे एलियाहू हन्नबीचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं. हा कोण, असं मनाशेने विचारलं. आमचा संदेष्टा, एक दिवस येणार आहे, असं पर्लने सांगितलं.

भिंतीला कान होते. थोड्याच दिवसांत खिडकीपाशीच्या माणसाने मला बोलावलं आणि विचारलं, हा एलियाहू कोण, केव्हा येणार, कोणाच्या सांगण्यावरून. मी म्हटलं, अहो, आमचे पूर्वजही त्याची वाटच बघत गेले. त्याला पटलं नाही. जो स्वतः बिनपाटीचा कारभार करतो, त्याला दुसऱ्याच्या घरातली प्रार्थनाही कट वाटते. आम्हाला विमानात बसवून दिलं. मनाशेला कुठे नेलं ते कळलं नाही. मला त्याची आठवण येते, आणि चीडही येते, अजून.

३. राहतं घर. नॉर्मा इथून दूर कनाटा नावाच्या गावी टेलिफोनच्या कंपनीत इंजिनीअर आहे. गेल्या महिन्यात त्या देशाचं शिष्टमंडळ तिथे आलं. जेवताना त्यांचा प्रमुख तिला म्हणाला, तुमच्या वडिलांकडचे गोड पोहे फार चांगले होते म्हणे, आणि त्यांच्या देशात दोन वर्षांची नोकरी देऊ केली. तिने मला हे फोनवर हसत सांगितलं. ते पोहे घरच्यांखेरीज एकट्या मनाशेने खाल्ले होते. भिंतीला ऐकू येतं, चव कळत नाही. म्हणजे मनाशेने सांगितलं, आणि राजीखुशीने सांगितलं नसणार.

हे सगळं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "डॅड, दॅट वॉज एजेस अगो. दे वर जस्ट बीइंग नाइस." सोमवारी ती करारावर सही करणार आहे.

म्हणून मी इथे अट घातली होती:

~~नॉर्मा त्या देशात गेली नाही, तरच घर तिला मिळावं.~~

साक्षीला कॉस्मस आणि त्याची सून चित्रा आली, त्यांना वाचून दाखवलं. कॉस्मसने मान डोलावली आणि माझी समजूत काढायला म्हणाला, "बेन्सियनभाऊ, काळजी सोडा. तिला घर आवडतं ना? मग नाही जायची."

तो साध्या मनाने बोलला. मला मात्र ती खिडकी दिसली, आणि तिच्यापाशी बसलेला मी.

अट खोडली आहे. घर नॉर्माला, बिनशर्त. ती राहिली तरी, गेली तरी.

पोरी, जाऊ नकोस. हा हुकूम नाही, बापाला भीती वाटते. आणि गेलीसच, आणि मनाशे कुठे दिसला, तर ओळख दाखवू नकोस. त्याच्यासाठी आपल्याला आता तेवढंच करता येतं.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली. कलम ३ मधली ओळ मी माझ्या इच्छेने खोडली असून तिच्या शेजारी आम्हा तिघांची आद्याक्षरं आहेत.

सही: बेन्सियन आयझॅक झिराडकर
साक्षीदार: कॉस्मस लुईस परेरा
साक्षीदार: चित्रा परेरा

हॅमिल्टन, ऑन्टारिओ
९ नोव्हेंबर १९८४, शुक्रवार